इंग्लंडमध्ये बागेसह घर विकत घेताना: कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

इंग्लंडमध्ये काही वर्षे भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढून स्वतःच्या घरात जाऊ पाहणारी आपली कुटुंबे बहुधा एकाच ठिकाणी चुकतात. आधी घर मनात भरते, मग पैशांच्या कागदपत्रांची शोधाशोध सुरू होते, आणि ज्या बागेसाठी फ्लॅट सोडायचा ठरवला तिची चौकशी किल्ली हातात आल्यावर होते. हा क्रम बदलायला हवा: आधी पैसा, मग बाग, आणि शेवटी घराच्या भिंती.

हा लेख रांगेतल्या घरांपुरता, म्हणजे टेरेस्ड घरांपुरता आहे. एजंट ज्याला टाउनहाऊस म्हणतात, ते बहुतेक वेळा याच रांगेतले तीन मजली अरुंद घर असते. स्कॉटलंडमध्ये खरेदीची कायदेशीर पद्धतच निराळी आहे, आणि वेल्समध्ये पद्धत इथल्यासारखी असली तरी कर वेगळा आहे. त्यामुळे पुढील सर्व मजकूर फक्त इंग्लंडसाठी वाचावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. विक्रेत्याने ऑफर स्वीकारली म्हणजे आपल्याकडच्यासारखा इसार झाला असे नाही. करारांची अदलाबदल, म्हणजे एक्सचेंज, होईपर्यंत दोघांपैकी कोणीही एक पैसा भरपाई न देता मागे फिरू शकतो. तोपर्यंत तुमचा सर्व्हेचा (घराच्या तपासणीचा) आणि सॉलिसिटरचा, म्हणजे खरेदीचे काम पाहणाऱ्या वकिलाचा, खर्च मात्र झालेला असतो.

१. पैशांचा माग आधी जुळवा

पैसे खात्यात असणे पुरेसे नाही, ते खात्यात कुठून आले हे कागदावर दाखवता आले पाहिजे. मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे सॉलिसिटर प्रत्येक मोठ्या जमेचा उगम विचारतो, साधारणपणे किमान सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट मागतो आणि उत्तर अर्धवट असेल तर फाइल पुढे सरकवत नाही. भारतातून पैसे येणार असतील तर तिथला व्यवहार, इथवरचा प्रवास आणि इथल्या खात्यातली जमा या तिन्ही टप्प्यांचे कागद एका साखळीत बसले पाहिजेत.

आईवडील भारतात राहून मदत करणार असतील, तर उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. १ एप्रिल २०२५ पासून अशा रकमेतील वर्षाला १० लाख रुपयांपलीकडच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे उगमस्थानी गोळा केला जाणारा कर, कापते. हा कर बुडत नाही, विवरणपत्रात वजा मिळतो किंवा परत येतो. पण तोवर तेवढे पैसे अडकून पडतात आणि घराचा हिशेब करताना नेमके हेच विसरले जाते. स्वतःच्या एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या रुपया खात्यातून) पैसे आणायचे असतील तर वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि कर भरल्याचे चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र लागते. मार्चअखेरीस हे प्रमाणपत्र झटपट मिळेल असे धरून चालू नये.

आईवडिलांच्या पैशांसाठी मॉर्गेज, म्हणजे गृहकर्ज, देणारी बँक भेटपत्र मागते. ही रक्कम परत करायची नाही आणि घरात देणाऱ्याचा हक्क नाही, असे त्यात स्पष्ट लिहून द्यावे लागते. घरात तोंडी ठरलेले वेगळे असेल तर आधी बँकेला सांगावे. भेट म्हणून लिहून दिलेले पैसे प्रत्यक्षात उसने असणे ही बँकेची दिशाभूल ठरते.

हे सारे हाताशी आल्यावरच बँकेकडून तत्त्वतः मंजुरी घ्यावी. व्हिसावर असलेल्या अर्जदारांसाठी प्रत्येक बँकेची अट वेगळी असते: कोणी व्हिसाची शिल्लक मुदत पाहते, कोणी मोठी डिपॉझिट, म्हणजे किमतीतला कर्जाबाहेरचा स्वतःचा वाटा, मागते. म्हणून ब्रोकरला पहिल्याच फोनवर व्हिसाचा प्रकार आणि मुदत सांगावी.

*तपासा:* डिपॉझिटमधल्या प्रत्येक मोठ्या रकमेपुढे "कोणाकडून, केव्हा, कशापोटी" हे लिहून त्याचा कागद जोडता येतो का? एकाही रकमेपुढे जागा रिकामी राहत असेल तर घरे बघणे थांबवावे.

२. स्टॅम्प ड्यूटीचा खरा आकडा काढा

आपल्या लोकांना सर्वांत मोठा फटका इथे बसतो, म्हणून इथे घाई करू नये. १ एप्रिल २०२५ पासून पहिल्या १,२५,००० पौंडांवर काही नाही, तिथून २,५०,००० पर्यंत २ टक्के आणि तिथून ९,२५,००० पर्यंत ५ टक्के असा दर आहे. पहिलेच घर घेणाऱ्यांना ३,००,००० पौंडांपर्यंत माफी आणि त्यापुढे ५,००,००० पर्यंत ५ टक्के दर आहे. मात्र किंमत ५,००,००० च्या वर गेली की ही सवलत संपूर्ण जाते.

पण "पहिले घर" म्हणजे इंग्लंडमधले पहिले घर नव्हे, जगातले पहिले घर. भारतात तुमच्या नावावर कधीही फ्लॅट असेल, मग तो विकलेला असो, आईबरोबर संयुक्त असो किंवा वारशाने आलेला असो, ही सवलत मिळत नाही. दुसरा भाग याहून जड आहे. खरेदीच्या दिवशी जगात कुठेही ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराची मालकी तुमच्याकडे असेल, आणि तुम्ही आधीचे स्वतःचे राहते घर विकून हे घेत नसाल, तर संपूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के अधिभार लागतो. या अधिभारासाठी एकत्र राहणारे पती-पत्नी एकच धरले जातात, त्यामुळे फ्लॅट एकाच्या नावावर आणि खरेदी दुसऱ्याच्या नावावर ही युक्ती चालत नाही.

चार लाख पौंडांच्या एकाच घराचा हिशेब पाहा. जगात कुठेही घर नसलेल्या जोडप्याला ५,००० पौंड भरावे लागतात. भारतातला फ्लॅट विकून मोकळ्या झालेल्या जोडप्याला १०,००० लागतात, आणि तो फ्लॅट अजून नावावर असलेल्यांना ३०,०००. खरेदीच्या आधीच्या बारा महिन्यांत इंग्लंडसह संपूर्ण यूकेमध्ये १८३ दिवस राहणे झाले नसेल तर संपूर्ण किमतीवर आणखी २ टक्के लागतात.

*सावधान:* आदरापोटी किंवा सोयीपोटी आईवडिलांचे नाव खरेदीत घालण्याआधी हा हिशेब पुन्हा करावा. त्यांच्या नावावर भारतात राहते घर असेल तर अधिभार त्यांच्या हिश्श्यापुरता न राहता संपूर्ण खरेदीवर लागतो. वारशाच्या हिश्श्यांना अधिभारासाठी वेगळे नियम आहेत. हिश्शाचे प्रमाण आणि वारसा मिळाल्याची तारीख सॉलिसिटरला ऑफरच्या आधी कळवावी.

३. पाहणी: आधी बाग, मग बैठकीची खोली

एजंट तुम्हाला आधी स्वयंपाकघर दाखवेल. तुम्ही मागचे दार उघडायला सांगावे.

पहिला प्रश्न दिशेचा. फोनमधले होकायंत्र उघडून घराच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभे राहावे आणि तोंड कुठे आहे ते लिहून ठेवावे. लंडनच्या अक्षांशावर २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो, आणि दोन मीटर उंचीच्या कुंपणाची सावली साडेसात मीटर लांब पडते. जूनमध्ये तोच सूर्य ६२ अंशांवर असतो आणि त्याच कुंपणाची सावली एका मीटरच्या आसपास राहते. जूनमध्ये उन्हाने भरलेली दिसलेली उत्तरेकडची बाग नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्ण घराच्या सावलीत, शेवाळलेली आणि ओली असू शकते. उत्तरेची बाग घेऊच नये असे नाही, पण ती दक्षिणेच्या भावाने घेऊ नये.

दुसरा प्रश्न वाटेचा. रांगेच्या मधल्या घरात कचऱ्याचे चाकाचे डबे, सायकली आणि गवत कापायचे यंत्र मागून पुढे कसे न्यायचे, हे विचारावे. उत्तर दोनपैकी एक असते. एक तर सारे काही घरातून न्यावे लागते, नाहीतर मागच्या बाजूने शेजाऱ्यांच्या बागांतून वाट असते. दुसरे उत्तर मिळाले की लगेच उलटा प्रश्न विचारावा: शेजाऱ्यांनाही तुमच्या बागेतून जाण्याचा वहिवाटीचा हक्क आहे का? जुन्या टेरेस्ड घरांत हे सर्रास असते, आणि तसा हक्क असेल तर ती वाट बंद करता येत नाही. लहान मुले आणि कुत्रा मोकळे सोडण्याचा बेतही बदलावा लागतो.

तिसरी गोष्ट जमिनीच्या पातळीची. घराच्या भिंतीत खाली ओल अडवणारा थर असतो, आणि बाहेरची जमीन किंवा फरशी त्या थराच्या किमान १५० मिलिमीटर, म्हणजे विटांचे दोन थर, खाली असायला हवी. हौसेने नवी फरशी घालताना अनेकांनी जुन्या फरशीवरच नवी चढवलेली असते. मग पातळी वर येते, हवेच्या जाळीदार विटा बुजतात आणि आतल्या भिंतीला ओल धरते. खाली वाकून विटा मोजायला दोन मिनिटे लागतात. त्या मोजताना एजंट बघत असेल तर बघू द्यावे.

याच फेरीत चेंबरची झाकणे किती आणि कुठे आहेत ते पाहावे. बागेत झाकण असेल तर तिथून सार्वजनिक मलवाहिनी जात असू शकते, आणि तिच्यापासून तीन मीटरच्या आत खोली वाढवायची तर पाणी कंपनीची परवानगी लागते. जॅपनीज नॉटवीड नावाची वनस्पती ओळखायला शिकून जावे: उन्हाळ्यात बांबूसारखी पोकळ, जांभळट ठिपक्यांची खोडे, आणि हिवाळ्यात तीच वाळून तपकिरी काड्या झालेली. ती सापडली तर मॉर्गेज अडू शकते. शेजारच्या बागेतही कुंपणावरून नजर टाकावी.

*तपासा:* दुसरी फेरी पाऊस पडून गेल्यावर आणि संध्याकाळी करावी. साचलेले पाणी, शेजारचा आवाज आणि गाड्या लावायची अडचण पहिल्या शनिवारच्या सकाळी दिसत नाही.

४. ऑफरच्या आधी १४ पौंड खर्च करा

लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावर कोणत्याही नोंदणीकृत घराचा मालकी उतारा आणि नकाशा प्रत्येकी ७ पौंडांना कोणालाही मिळतो. आपल्याकडे सातबारा न बघता कोणी जमीन घेत नाही, आणि तीच माणसे इथे सॉलिसिटर बघेल म्हणून हा कागद उघडतही नाहीत. सॉलिसिटर कागद बघतो, पण तो घराला कधीच भेट देत नाही. कागद आणि जमीन यांचा मेळ घालणारे डोळे फक्त तुमचेच आहेत.

शहरी भागात नकाशा बहुधा १:१२५० प्रमाणात असतो, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर सव्वा मीटर. आम्ही पाहिलेल्या रांगेच्या टोकाच्या एका घराची बाग टेपने मोजली तर मागच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत २१ मीटर भरली. नकाशावर लाल रेघेपर्यंतचे अंतर १२ मिलिमीटर होते, म्हणजे १५ मीटर. सफरचंदाचे झाड, कोठार आणि मुलीने तिथल्या तिथे पसंत केलेला झोपाळा, हे सारे उरलेल्या सहा मीटरांत होते. तो तुकडा मागच्या सार्वजनिक मोकळ्या जागेचा निघाला, आधीच्या कोणीतरी कुंपण सरकवून आत घेतलेला. किंमत मात्र संपूर्ण बागेची मागितली जात होती.

इथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. हा नकाशा हद्द ढोबळ दाखवतो. वीतभर इकडेतिकडे झाल्याचा निवाडा त्यावरून होत नाही. काही मीटरांची तफावत मात्र त्यावरून नक्की कळते. तसेच "डावीकडचे कुंपण आपले" हा सार्वत्रिक समज निराधार आहे. जुन्या खरेदीखतांच्या नकाशांवर हद्दीच्या रेघेला इंग्रजी टी अक्षराची खूण असेल तर ती ज्याच्या बाजूला असते त्याच्याकडे सहसा कुंपणाची जबाबदारी असते. खूण नसेल तर विक्रेत्याला लेखी विचारावे.

उताऱ्यात आणखी तीन गोष्टी शोधाव्यात: घर फ्रीहोल्ड (जमिनीसह कायमची मालकी) आहे की लीजहोल्ड (ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा), निर्बंधाच्या अटी कोणत्या, आणि वसाहतीच्या देखभालीचे शुल्क आहे का. वायव्य इंग्लंडमध्ये अखंड घरेही लीजहोल्ड असतात. नव्या वसाहतींत घर फ्रीहोल्ड असूनही रस्ते आणि हिरवळ यांच्यासाठी खासगी कंपनी दरवर्षी पैसे घेते, आणि कौन्सिल टॅक्स भरूनही ते द्यावेच लागतात. दोन घरांमधल्या बोळावर तुमची एखादी खोली येत असेल तर त्याला फ्लाइंग फ्रीहोल्ड म्हणतात. ते बँकेला आधी सांगावे.

५. ऑफर

ऑफर ईमेलने द्यावी. रकमेबरोबर तत्त्वतः मंजुरी, डिपॉझिटची तयारी, सॉलिसिटरचे नाव आणि घर बाजारातून काढून घेण्याची विनंती लिहावी. विक्रेता पुढचे घर कुठे घेतो आहे आणि ही साखळी किती लांब आहे, हे विचारावे, कारण साखळीतील सर्वांत मंद माणसाच्या गतीने सगळे चालतात. ऑफर स्वीकारली गेल्यावरही कोणी जास्त रक्कम दिली तर विक्रेता तिकडे वळू शकतो. त्यावर खात्रीचा उपाय नाही; पहिल्या टप्प्याचे कागद तयार ठेवून वेग राखणे एवढेच आपल्या हातात असते.

६. सर्व्हे: बँकेचे मूल्यांकन म्हणजे सर्व्हे नव्हे

बँक जो माणूस पाठवते तो बँकेच्या कर्जाची काळजी करतो. तुमच्यासाठी आरआयसीएसचा (सर्व्हेयरांच्या व्यावसायिक संस्थेचा) सर्व्हेयर तुम्हीच नेमायचा असतो. साधारण आधुनिक घराला दुसऱ्या पातळीचा, म्हणजे मध्यम तपशिलाचा, सर्व्हे पुरतो. शंभर वर्षांचे, वाढवलेले किंवा भिंती काढलेले घर असेल तर तिसऱ्या पातळीचा, म्हणजे सर्वांत सखोल, सर्व्हेच घ्यावा. माझ्या मते बागेतली झाडे मोठी आणि जमीन चिकणमातीची असेल तरीही तिसराच घ्यावा, कारण उन्हाळ्यात झाडे पाणी ओढतात, माती आकसते आणि पाया खचतो.

सर्व्हेयरला आधी फोन करून स्वतःचे प्रश्न सांगावेत: मागच्या फरशीची पातळी, खाली धुरांड्याचा भाग काढलेला असेल तर वरचा भाग कशावर टेकला आहे, माळ्यावर शेजारच्या घरापर्यंतची भिंत पूर्ण आहे की अर्धवट. अहवाल आल्यावर "पुढील तपासणी करावी" असे जिथे लिहिले असेल तिथे ती एक्सचेंजच्या आधी खरोखर करावी. हे वाक्य वाचून पुढे जाणे ही फार महाग पडणारी चूक आहे.

७. सॉलिसिटरला विचारायचे प्रश्न लेखी द्या

विक्रेता टीए६ नावाच्या अर्जात हद्दी, वाद, नॉटवीड, पूर यांबद्दल उत्तरे देतो, आणि टीए१० मध्ये काय ठेवणार व काय नेणार ते लिहितो. जमिनीत लावलेली झाडे सहसा घराबरोबर येतात, कुंड्या येत नाहीत. कोठार आणि काचघराबद्दल शब्दशः लिहून घ्यावे. "माहीत नाही" असे उत्तर असेल तर त्याचा अर्थ "नाही" असा घेऊ नये, पुन्हा विचारावे.

मागे वाढवलेल्या खोलीचे दोन निराळे कागद असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. टेरेस्ड घराला एकमजली खोली मागे तीन मीटरपर्यंत सामान्यतः स्वतंत्र नियोजन परवानगीशिवाय वाढवता येते, पण बांधकाम नियमांचे पूर्तता प्रमाणपत्र तरीही लागते. एक कागद दाखवला म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही. शेजारच्या सामायिक भिंतीला हात लावला असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याखालची नोटीस आणि करारही मागावा.

तुम्हाला पुढे काय करायचे आहे तेही सॉलिसिटरला आताच सांगावे: मागे खोली वाढवायची आहे, झाड तोडायचे आहे, बागेत ऑफिस बांधायचे आहे. न सांगितलेल्या बेताची तपासणी कोणी करत नाही. संरक्षित झाडाची फांदीही कौन्सिलच्या संमतीशिवाय कापता येत नाही, आणि काही नव्या वसाहतींत परवानगीशिवाय वाढवण्याची मुभाच काढून घेतलेली असते.

*तपासा:* सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून पुराचा दीर्घकालीन धोका विनामूल्य दिसतो. नदीबरोबरच पृष्ठभागावरच्या पाण्याचा रकानाही वाचावा, आणि त्याच दिवशी घरविम्याचा दर विचारावा.

८. एक्सचेंज

इथून माघार नाही. सामान्यतः दहा टक्के रक्कम या वेळी जाते, आणि नंतर तुम्ही पूर्तता (कम्प्लीशन, म्हणजे उरलेले पैसे देऊन ताबा घेणे) केली नाही तर ती गमावण्याची वेळ येते. त्याआधी मॉर्गेजची लेखी ऑफर, तपासण्यांची सर्व उत्तरे आणि पूर्ततेची तारीख हातात असावी. नवराबायकोपैकी कोणी जास्त पैसे घातले असतील तर मालकीचे प्रमाण याच वेळी लिहून ठेवावे. घराचा विमा एक्सचेंजच्या दिवसापासून सुरू करावा, कारण प्रमाणित अटींनुसार त्या क्षणापासून नुकसानीची जोखीम खरेदीदाराकडे येते, किल्ली मिळाली नसली तरी.

*सावधान:* सॉलिसिटरचे बँक खाते बदलल्याची ईमेल आली तर ती फसवणूक समजावी. पहिल्या भेटीत घेतलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून खाते पडताळावे, आधी लहान रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करावी, आणि मगच बाकीची पाठवावी.

९. पूर्तता आणि त्यानंतर

पूर्ततेच्या आदल्या दिवशी घर पुन्हा पाहावे: टीए१० मधल्या वस्तू जागेवर आहेत का, बागेत जुने सामान टाकून दिले आहे का. आक्षेप असेल तर पैसे जाण्याआधी सॉलिसिटरला कळवावा. किल्ली मिळाल्यावर मीटरचे आकडे आणि कुंपणाच्या चारही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. पुढे शेजाऱ्याशी हद्दीचा प्रश्न निघाला तर तारखेसह असलेले हे फोटो उपयोगी पडतात.

स्टॅम्प ड्यूटीचे विवरण आणि रक्कम चौदा दिवसांत भरावी लागते. हे काम सॉलिसिटर करतो, पण भरल्याची पावती मागून घ्यावी. लँड रजिस्ट्रीतली नोंद व्हायला काही महिने लागू शकतात. नोंद झाल्यावर नवा उतारा आणि नकाशा घेऊन नावाचे स्पेलिंग, मालकीचा प्रकार आणि लाल रेघ पुन्हा एकदा चौथ्या टप्प्यातल्या मोजमापाशी ताडून पाहावी, आणि लँड रजिस्ट्रीच्या विनामूल्य सूचना सेवेत घराची नोंद करावी, म्हणजे तुमच्या उताऱ्यावर कोणी काही अर्ज केला तर ईमेल येते.